तांबड्या खणात बांधलेल्या एकाहत्तर दातांबाबत खुलासा

प्रति,
मा. अधिष्ठाता तथा अध्यक्ष,
निवासी पद निवड समिती,
सौ. यशोदाबाई रांगणेकर दंत महाविद्यालय व रुग्णालय,
ठाणे.

विषय : कनिष्ठ निवासी (मुखशल्यचिकित्सा) या पदाच्या मुलाखतीच्या यादीतून नाव रोखून धरल्याबाबत, तसेच कमी गुणांबाबत व आपल्या कार्यालयात आलेल्या पुडक्याबाबत खुलासा.

संदर्भ : १) माझा दि. ३ जून १९९१ चा अर्ज.
२) आपले दि. १८ जून १९९१ चे पत्र. (यावर 'तातडीचे' हा शिक्का दोनदा मारलेला आहे.)
३) दि. २० जून रोजी कार्यालयीन अधीक्षक श्री. टिपणीस यांच्याशी समक्ष झालेले बोलणे.

महोदय,

आपण सात दिवसांत खुलासा मागविला होता. आज सातवा दिवस आहे. उशीर टाळाटाळीमुळे झालेला नाही. खरे काय ते मलाच परवा रविवारी कळले, आणि कालचा सोमवार ते गिळण्यात गेला.

१. मी डॉ. हिरा जनू मढवी, वय २५, मूळ राहणार आंबेशीळ पाडा, बारवी धरणाच्या वरच्या अंगाला. सध्या राहणार विठ्ठलवाडी, एस.टी. आगारामागची चाळ, खोली नं. ९. वडील अंबरनाथला कारखान्यात कामगार आहेत. आई पुतळाबाई पाड्यावरच असते, कारण तिच्या मते भात लावायला माणूस लागतो आणि चाळीत भात लावता येत नाही. बी.डी.एस. झाल्यावर दंत परिषदेत माझी रीतसर नोंदणी झालेली आहे. रोज सकाळी मी बदलापूरला एका धर्मादाय दवाखान्यात दात पाहते, आणि रविवारी पाड्यावर. पाड्यावर खुर्ची नाही. माणूस ओट्याच्या पायरीवर बसतो आणि उन्हाकडे तोंड करून आ करतो. सूर्यासारखा दिवा कोणत्याही दवाखान्यात नाही, हे मी अनुभवाने लिहिते.

२. गुणांबाबत. चारही वर्षे मिळून माझी टक्केवारी ५१.३ आहे. पहिले वर्ष मी पहिल्या खेपेस पास झाले. दुसऱ्या वर्षी दोन विषय, तिसऱ्या वर्षी एक आणि शेवटच्या वर्षी पुन्हा एक राहिला व नंतरच्या परीक्षेत सुटला. याबाबत मी कोणताही दाखला जोडलेला नाही. माझ्या तुकडीतल्या सहा जणांना ऐन परीक्षेच्या आठवड्यात कावीळ झाली होती असे त्यांच्या अर्जांवरून दिसते म्हणतात. सहाही काविळी एकाच डॉक्टरच्या सहीच्या कशा, हे मी विचारत नाही. मला कावीळ झाली नव्हती. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले साहेब इंग्रजीत विचारीत. उत्तर माझ्या तोंडात मराठीत तयार असे, आणि त्याला कोट-टाय चढवून बाहेर काढेपर्यंत साहेब पुढच्या मुलाकडे गेलेले असत. पण हेही पुरते खरे नाही. औषधशास्त्रात मी नापास झाले ती अभ्यास केला नाही म्हणून. हे मी स्वखुशीने लिहून देत आहे.

३. या वर्षी मी चार महाविद्यालयांत निवासी पदासाठी अर्ज केले. तीन ठिकाणचे नकार आले. त्यांपैकी एक नकार अर्ज स्वीकारण्याच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी टाईप झालेला आहे. म्हणजे मी शेवटच्या दिवशी अर्ज देण्यापूर्वीच त्यांनी मला ओळखले होते. दुसऱ्या ठिकाणी माझ्या समोर अर्जांचा गठ्ठा चाळला गेला आणि माझा अर्ज न वाचता खाली गेला. का, म्हणून विचारले तर तिथले बाबू म्हणाले, "ताई, खाली ठेवलेला अर्ज सुरक्षित राहतो." तेव्हापासून मला प्रत्येक कागदाची दुसरी बाजूही बघायची सवय लागली. ही सवय पुढे उपयोगी पडली म्हणून सांगते.

४. आपल्या महाविद्यालयाने मात्र मला पोस्टकार्ड पाठवून कळविले की गुण कमी असल्यामुळे माझे नाव राखीव यादीत शेवटी ठेवले आहे, परंतु राखीव यादीलाही मुलाखतीस बोलावण्यात येईल. हे कार्ड माझ्या कायमच्या पत्त्यावर, म्हणजे पाड्यावर गेले. एवढी एकच चूक आपल्या कार्यालयाची, आणि तीही माझीच, कारण पत्ता मी तसा भरला होता.

५. यानंतर दि. १४ जून रोजी आपल्या फाटकावर कोणीतरी एक पुडके ठेवून गेले. त्यात काय होते ते आपल्या पत्रात 'आक्षेपार्ह व भीतिदायक वस्तू' एवढेच म्हटले आहे. दि. २० रोजी मी समक्ष आले तेव्हा श्री. टिपणीस यांनी ते लोखंडी कपाटातून काढून, स्वतः चार पावले मागे सरकून, मला दाखविले. जे पाहिले ते लिहिते : तांबड्या खणाचा तुकडा, त्याला हळदीची बोटे. आत मूठभर तांदूळ, कुंकू, एक सुपारी, लहान नारळ. आणि तांदळात मिसळलेले माणसांचे दात. सोबत एक चिठ्ठी : 'हिरा जनू मढवी हिच्या नावाने.'

श्री. टिपणीस हे सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी मला बसायला सांगितले नाही, पण आवाज खाली घेऊन म्हणाले, "बाई, तुम्ही डॉक्टर आहात, मी विज्ञान मानतो. पण हे दात पहिल्यांदा मोजले तर एकाहत्तर भरले, दुसऱ्यांदा बहात्तर. आता सांगा." आपल्या दालनाच्या चौकटीला लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली. शिपाई चहा घेऊन आत गेला तो उलट्या पावलांनी बाहेर आला. दातांच्या दवाखान्यात दातांची एवढी भीती मी प्रथमच पाहिली.

मोजणीतील तफावतीचा खुलासा असा : एक खालची दाढ दोन मुळांच्या मधोमध चिरलेली आहे. ती जोडून धरली तर एक, सुटली तर दोन. दात वाढलेले नाहीत.

६. आपल्या पत्रात असेही आहे की पुडके आल्याच्या दिवशीच निवड समितीतील एका मा. सदस्यांची दाढ अचानक असह्य ठणकू लागली, त्यामुळे दि. १७ च्या मुलाखती पुढे ढकलून २ जुलैला ठेवाव्या लागल्या, व या दोन घटनांचा संबंध तपासण्यात यावा असे समितीचे मत पडले. याबाबत नम्रपणे कळविते की दि. ३ जून रोजी, म्हणजे पुडके येण्याच्या अकरा दिवस आधी, मी अर्ज देण्यासाठी रांगेत उभी असताना सदर मा. सदस्य जिन्यावरून उतरले होते. त्यांचा उजवा गाल तेव्हाच सुजलेला होता, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हते आणि ते चहा डाव्या बाजूने पीत होते. खालची उजवी अक्कलदाढ अर्धवट वर येऊन हिरडीखाली पू धरल्याचे ते लक्षण आहे. सबब ती करणी नसून अक्कलदाढ आहे. त्यांनी लवकर काढून घ्यावी. हा सल्ला ५१.३ टक्क्यांचा असला तरी बरोबर आहे.

७. पुडके पाहिल्यावर मला पहिली शंका आली ती उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या टेकचंद यांची. हे गृहस्थ तीस वर्षे बत्तीशा बनवतात. हात सोन्यासारखा, पदवी नाही. गेल्या दिवाळीत त्यांनी मला सांगितले होते की दुकानाच्या पाटीवर माझे नाव व नोंदणी क्रमांक लिहू दे, बाकी तू घरी बस. मी नाही म्हटले होते. सूड घ्यायला दात कुणाकडे असणार, तर त्यांच्याकडे, असा माझा हिशेब. मी तडक दुकानात गेले आणि पुडक्यातली एकेक वस्तू सांगून चारचौघांत विचारले. ते प्लास्टरचा साचा घासत होते. हात न थांबवता म्हणाले, "डॉक्टरीण बाई, अपुन दात विकतो, फुकट भेजत नाही." मग हात थांबवून म्हणाले, "और सुनो बेटी, नारळ घातला होता ना? दुश्मन नारळ नाही घालत. नारळावर खर्चा होतो." गिऱ्हाइके हसली. मी मान खाली घालून निघाले. त्यांची माफी मागायची अजून राहिली आहे. हा खुलासा टपालात टाकून मी तिकडेच जाणार आहे.

८. दुसरी शंका माझ्यासोबत याच पदासाठी अर्ज केलेल्या बदलापूरच्या डॉ. चिंतामणी यांची. ३ तारखेला रांगेत ते माझ्या मागे होते आणि माझ्या खांद्यावरून माझे गुण वाचत होते. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार अर्धेच उघडले. आतून त्यांच्या मातोश्रींचा आवाज आला, "चिंतू, कोण आहे? तीच असेल तर पाणीसुद्धा घेऊ नकोस हो तिच्या हातचं!" तेव्हा कळले की आपल्या कार्यालयातली बातमी माझ्याआधी बदलापूरला पोहोचली होती, आणि मी ज्यांच्यावर संशय घ्यायला आले होते त्यांच्या घरी माझ्या नावाचा, करणी अडवायचा भिलावा चौकटीला टांगलेला होता. डॉ. चिंतामणी खजील होऊन म्हणाले, "सॉरी हां, आई जरा जुन्या वळणाची आहे." पण दार त्यांनी तेवढेच ठेवले. एकाच पदाला अर्ज केलेले आम्ही दोघे डॉक्टर फटीतून एकमेकांकडे बघत उभे राहिलो. इतक्या जवळून कोणी कोणाला इतके भिऊ नये.

९. मग मला चिठ्ठी आठवली. ती पाहताना सवयीने मी उलटून पाहिली होती. मागच्या बाजूला एस.टी.च्या सामानाच्या पावतीचा छाप होता, आणि कडेला कंडक्टरच्या पंचाने पाडलेले भोक. विठ्ठलवाडी आगार माझ्या चाळीला लागूनच आहे. बारवीकडे जाणाऱ्या गाडीवर कोण असतो हे शोधायला मला लांब जावे लागले नाही. धोंडिबा नावाचे कंडक्टर गेली बारा वर्षे त्या गाडीवर आहेत. धरणाकडच्या पाड्यांची पत्रे तेच वाचून दाखवतात, उत्तरे तेच लिहितात, आणि कोणाचा जावई कुठे नोकरीला आहे ते तलाठ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते. मी विचारल्यावर त्यांनी लपवाछपवी केली नाही. उलट खूश होऊन म्हणाले, "पोहोचलं ना बरोबर? मी माझ्या सुट्टीच्या दिवशी स्वतः ठाण्याला जाऊन फाटकावर ठेवलं. वॉचमन तंबाखू मळत होता, म्हटलं कशाला त्याला त्रास. झालं का तुझं काम?"

१०. रविवारी दि. २३ रोजी त्यांच्याच गाडीने मी पाड्यावर गेले. आता खरा खुलासा.

आपले पोस्टकार्ड पाड्यावर आले तेव्हा धोंडिबांनी ते गाडीच्या पायरीवर उभे राहून मोठ्याने वाचले : गुण कमी पडले आहेत. पाठोपाठ शनिवारी माझे वडील अंबरनाथहून पाड्यावर गेले, त्यांनीही तेच सांगितले, आणि जेवले नाहीत. बायांनी विचार केला. आमच्या शेजारच्या मोतीबाई या त्यात पुढे होत्या. त्यांनी मला दिलेला जबाब त्यांच्याच शब्दांत नोंदवते : "पयल्या वर्साला तू दात मागाला आलीस. आमी दिलं. तं तू पास जालीस. पुरल्या वर्साला तू मागाला आली नाय, आमी दिलं नाय. तं नापास जालीस. त्याच्या पुरल्या वर्साला बी तसाच. आता बाय गो, यात समजाचा काय हाय? कालेजाला दात कमी परले."

महोदय, पहिल्या वर्षी अभ्यासासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला खरे दात गोळा करून आणायला सांगतात हे आपण जाणताच. बाकीच्या मुलांनी ओळखीच्या दवाखान्यांतून आणले. माझ्या ओळखीचा दवाखाना नव्हता. मी पाड्यावर गेले आणि घरोघर मागितले. एकोणीस मिळाले होते. त्या वर्षी मी खरोखरच पास झाले, आणि पुढच्या तिन्ही वर्षी मागितले नाहीत तेव्हा खरोखरच अडले. मोतीबाईंच्या या युक्तिवादात चूक कुठे आहे ते मला ठाऊक आहे. पण ती त्यांच्यासमोर मांडायला गेले आणि जमले नाही. माझी ती आणखी एक तोंडी परीक्षा समजावी.

११. पुडक्यात हळद-कुंकू व नारळ का, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर सोपे आहे. लेकीच्या कामासाठी कुणाच्या दारी काही पाठवायचे तर ते उघडे पाठवत नाहीत. खणात बांधून, तांदूळ घालून, ओटी भरल्यासारखे पाठवतात. पाड्याने आपल्या महाविद्यालयाची ओटी भरली होती. ती आपण कपाटात कोंडून वर चौकटीला लिंबू बांधलेत.

१२. आता एक गोष्ट लिहिते जी समितीला माहीत असण्याचे कारण नाही, आणि ती कळल्यावाचून हे पुडके कळणार नाही. आमच्याकडे मोठ्या माणसाचा दात पडला किंवा काढला तर तो टाकत नाहीत. वैऱ्याच्या हाती पडला तर त्यावर करणी करता येते अशी धास्ती असते. म्हणून चिंधीत बांधून घराच्या वळचणीत, कौलाच्या आत खोचतात, आणि कुठे खोचला ते नवऱ्यालाही सांगत नाहीत. माणूस गेले की घरातली थोरली बाई हात घालून ती चिंधी काढते आणि त्याच्यासोबत चितेवर ठेवते. जन्माला येऊन मिळालेले सगळे परत जावे, मागे काही राहू नये म्हणून. मी रविवारी काढलेले दातही बाया माझ्या हातातून मागून घेतात. मी देते. कॉलेजात शिकलेली म्हणून मी कधी हसले नाही, कारण देताना मलाही बरे वाटते.

म्हणजे आपले कार्यालय ज्या भीतीने चार पावले मागे सरकले, तीच भीती, तितकीच, या बायांना होती. करणीला त्याही भितात. तरीही त्यांनी शिड्या लावल्या, वळचणीत हात घातले, वीस-वीस वर्षे लपवलेल्या चिंध्या सोडल्या आणि ज्यांना कधी पाहिले नाही अशा साहेबांच्या हाती आपले दात दिले. माझ्यासाठी. मी विचारले, भीती नाही वाटली? मोतीबाई म्हणाल्या, "वाटली तं. पन तो दवाखाना हाय ना? थय करनी करनारे असतील काय?" आपल्या चौकटीवरच्या लिंबाविषयी मी त्यांना सांगितलेले नाही.

१३. दात कोणकोणाचे ते मी आपल्या कपाटासमोरच ओळखायला हवे होते. त्यांतले निम्मे माझ्या हाताने निघालेले आहेत. पण संशयाने बघणाऱ्याला आपल्या हातचे कामही परके दिसते. आता सांगू शकते. ज्याचे मूळ आकडीसारखे वळलेले आहे ती दाढ मोतीबाईंची. ती काढताना मला पाऊण तास लागला आणि त्या सबंध वेळ त्या माझ्या लग्नाचे बोलत होत्या. पुढचा, अर्धा तुटलेला दात सगुणाबाईंचा. धरणाचे पाणी जुन्या घरात शिरले तेव्हा जाते वाचवताना उंबऱ्यावर पडून तुटला होता. जाते वाचले. ज्यांच्या गळ्याशी काळी रेघ आहे ते सगळे मशेरीचे. तंबाखू भाजून दातांना लावायची सवय आमच्याकडे दहा वर्षांच्या मुलीपासून आहे. आणि तीन दात माझ्या आईचे आहेत. पिवळे, लहान, ओळीने पडलेले.

आईला विचारले, तू तरी शिकलेल्या लेकीची आई, तू कशी सामील झालीस? ती तेव्हा तांदूळ पाखडत होती. सूप थांबले नाही. सुपाच्याच लयीवर म्हणाली :

वळचणीच्या खोपीत, दात ठेविला जपून
लेक मागते म्हणून, देते पदराखालून

मी मागितला नव्हता, हे येथे नमूद करते. पण तिने ओवी बांधली होती, आणि बांधलेल्या ओवीपुढे खुलासा चालत नाही.

१४. मुखशल्यचिकित्साच का, असे आपल्या छापील अर्जात विचारले होते आणि मी 'आवड' असे लिहिले होते. ते अपुरे होते. पाड्यावरच्या बनूबाईंच्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. मशेरीचा. मी पाहिला तेव्हा तो नखाएवढा होता. मला ओळखता आला, कापता येत नव्हता. मुंबईला चिठ्ठी दिली. त्या गेल्या नाहीत, कारण भात कापणीचे दिवस होते आणि चट्टा दुखत नव्हता. मग दुखू लागला. मग त्यांना पेज गिळेना. गेल्या फाल्गुनात त्या वारल्या. अशा नखाएवढ्या चट्ट्याच्या मला आज पाड्यावर चार बाया माहीत आहेत. उन्हात ओट्यावर बसून तो चट्टा वेळेवर काढता येईल एवढे मला शिकायचे आहे. त्यासाठी कोणाकडे तरी दोन वर्षे उभे राहावे लागते. ५१.३ टक्क्यांत ते उभे राहणे बसत नसेल, तर तसे सरळ कळवावे. ते मला समजेल. करणीच्या संशयावरून नाकारले तर समजणार नाही.

१५. श्री. टिपणीस यांनी मला खाजगीत एक वाट सुचविली. त्यांचा हेतू चांगला होता. "स्टँपपेपरवर दोन ओळी लिहून द्या, की सदर पुडक्याशी माझा काहीएक संबंध नाही, ते कोणा अज्ञात समाजकंटकांनी माझी बदनामी करण्यासाठी ठेवले. आम्ही पोलिसांत वर्दी देऊन टाकू, पुडकं मागच्या भट्टीत जाळून टाकू, तुमचं नाव यादीत परत. संपलं. कशाला शेपूट लांबवता?"

पाच दिवसांपूर्वी, त्याच वेळी स्टँपपेपर हाताशी असता तर मी ते आनंदाने लिहून दिले असते. तेव्हा मला ते खरेच वाटत होते. आता अज्ञात समाजकंटकांची नावे मला पाठ आहेत. ती मी पोलिसांना देणार नाही, आणि त्यांना अज्ञातही म्हणणार नाही.

१६. तरी आपणास विनंती की :

(अ) माझी निवड किंवा नकार माझ्या गुणांवर, मुलाखतीवर व हाताच्या कामावर ठरवावा. पुडक्यामुळे एक गुण वाढवू नये व एक कमी करू नये.

(आ) पोलिसांत वर्दी देऊ नये. द्यायचीच असल्यास ती माझ्या नावाने द्यावी. चिठ्ठीवर तेच नाव आहे.

(इ) दात जाळू नयेत. सगुणाबाई यांनी वैशाखापासून अंथरूण धरले आहे. त्या स्वतः काही मागत नाहीत. पण त्यांच्या सुनेने मला अंगणाच्या टोकाला गाठून विचारले, "डाक्तरीन, आत्याचा दात मागारी येल ना? नायतं ती अर्धी जायाची." एकाहत्तर दात मोजून, पोच घेऊन, माझ्या हवाली करावेत. दात कोणाकोणाचे ते मी वेगळे करून पुन्हा चिंध्यांत बांधून देईन.

(अ) व (इ) या दोन्ही विनंत्या एकत्र मान्य करण्यात काही अडचण असेल, तर (इ) मान्य करावी. हे मी विचारपूर्वक लिहिले आहे. काल दिवसभर तेवढाच विचार केला.

१७. शेवटी कळवायचे ते असे. दि. २ जुलै रोजी सकाळी साडेदहा वाजता मी आपल्या कार्यालयात हजर राहीन. यादीत नाव असेल तर मुलाखतीसाठी, नसेल तर पुडक्यासाठी. मी नको म्हणत असताना पाड्यावरच्या अकरा बाया माझ्यासोबत येणार आहेत. त्यांत माझी आई व मोतीबाई आहेत. आपले दात आपण बघून घेऊ, मधे कुणी नको, असे त्यांनी ठरवले आहे. कोणाचा कोणता याविषयी समितीस शंका आल्यास त्या तोंड उघडून दाखवायला तयार आहेत. हिरडी भरून आली असली तरी जीभ ती जागा विसरत नाही. नाव न सांगता कोणतीही बाई आपला दात उचलील. त्या भांडणार नाहीत. साहेबांना नमस्कार कसा करायचा हेही त्यांनी मला विचारून ठेवले आहे. चौकटीवरचे लिंबू त्या दिवसापुरते उतरवले तर बरे, कारण ते पाहिले तर त्या भितील आणि आत येणार नाहीत.

गाडी पहाटे सुटते आणि त्यांतल्या चौघींना फार वेळ उभे राहवत नाही. व्हरांड्यात एक बाक टाकावा.

आपली नम्र आणि सांगितल्या वेळेस येणारी,

(सही)
डॉ. हिरा जनू मढवी
विठ्ठलवाडी, दि. २५ जून १९९१

सोबत :
१) बी.डी.एस. च्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, नापासाच्या धरून.
२) दंत परिषदेच्या नोंदणीपत्राची खरी नक्कल.
३) मा. सदस्यांच्या अक्कलदाढेसाठी कोमट मिठाच्या गुळण्यांची सूचना, वेगळ्या कागदावर.
४) स्टँपपेपर. त्यावर एकच ओळ लिहिली आहे : सदर पुडक्याशी माझा संबंध आहे.